युद्धकैदी: कार्डावर नाव चढण्यापासून वाघा ओलांडेपर्यंत

२९ सप्टेंबर २०१६ ला धुळे तालुक्यातल्या बोरविहीरचा एक जवान नियंत्रण रेषेच्या पलीकडे गेला आणि पाकिस्तानी सैन्याच्या ताब्यात सापडला. २१ जानेवारी २०१७ ला तो वाघा-अटारीवरून परत आला. मधले जवळपास चार महिने खान्देशात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: सोडतील का, आणि कायदा काय म्हणतो? फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पकडले गेले तेव्हा तोच प्रश्न देशभर विचारला गेला, आणि त्याचं एक चुकीचं उत्तर मोबाइलवरून घरोघर पोचलं: "जिनिव्हा करारानुसार सात दिवसांत सोडावंच लागतं." असं त्या करारात कुठंही नाही. एका आठवड्याची मुदत आहे, पण ती सुटकेला नाही, एका छोट्या कार्डाला आहे. त्या कार्डाचं महत्त्व फौजी घरांना कळावं म्हणून हे लिहीत आहे.

पकडलेल्या सैनिकाचं पुढे काय होणार हे बरंचसं पहिल्या काही दिवसांतच ठरतं. त्याचं नाव किती कागदांवर चढलं, आणि त्यातला एखादा तरी कागद शत्रूच्या हातातून बाहेर पडला का, यावर ते ठरतं. नाव बाहेर पोचलं की त्या माणसाचा हिशेब कधीतरी द्यावा लागतो. नाही पोचलं तर "आमच्याकडे असा कोणी नाही" एवढं एक वाक्य पुरतं.

आधी कायदा थोडक्यात. १२ ऑगस्ट १९४९ ला जिनिव्हात चार करार झाले, त्यातला तिसरा युद्धकैद्यांचा. त्यात १४३ कलमं आहेत. भारत त्यात १९५० मध्ये सामील झाला, पाकिस्तान १९५१ मध्ये, आणि आपल्याकडे त्यासाठी १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. हा करार लागू व्हायला युद्ध जाहीर व्हावं लागत नाही. दोन देशांच्या सैन्यांत सशस्त्र संघर्ष झाला की पुरे, मग सरकार त्याला युद्ध म्हणो वा न म्हणो. कारगिलचं युद्धही कधी जाहीर झालं नव्हतं. युद्धकैदी हा गुन्हेगार नसतो. तो लढला म्हणून त्याच्यावर खटला भरता येत नाही, फक्त त्याने पुन्हा लढू नये म्हणून त्याला अडवून ठेवता येतं. आणि तो पकडणाऱ्या तुकडीचा किंवा साहेबाचा कैदी नसतो, त्या देशाचा असतो. बाराव्या कलमातलं हे वाक्य छोटं दिसतं, पण जबाबदारी कोणाची हे त्यानेच ठरतं. डॉक्टर आणि धर्मगुरू यांना तर युद्धकैदी धरतच नाहीत. आपल्या कैद्यांच्या सेवेसाठी त्यांना थांबवून घेता येतं, एवढंच. एखादा माणूस सैनिक आहे की नाही अशी शंका आली, तर सक्षम न्यायाधिकरणाने निकाल देईपर्यंत त्याला युद्धकैद्याचंच संरक्षण द्यायचं, असं पाचवं कलम सांगतं. ११ जानेवारी २००२ ला क्युबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी तळावर पहिले कैदी उतरले तेव्हा अमेरिकेने हेच कलम बाजूला ठेवलं. तिथे एकूण सुमारे ७८० जण ठेवले गेले, आणि निदान किमान माणुसकीचं तिसरं कलम तरी त्यांना लागू होतं हे म्हणायला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाला २००६ साल उजाडावं लागलं.

पहिले काही तास

सगळ्यात धोक्याची वेळ हात वर केल्यापासून छावणीचं फाटक ओलांडेपर्यंतची. समोरचे सैनिक चिडलेले असतात, त्यांचे सोबती नुकतेच पडलेले असतात. वैमानिक असेल तर तो बहुधा आधी सैनिकांच्या नव्हे, गावकऱ्यांच्या हाती लागतो. अभिनंदन यांना जमावाने मारहाण केली आणि सैनिकांनी त्यातून बाहेर काढलं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून शिस्तीच्या सैन्यात कैदी घेण्याची कवायत घोटून घेतात: झडती घ्यायची, बोलू द्यायचं नाही, अधिकारी आणि जवान वेगळे करायचे, त्यांना मारहाणीपासून वाचवायचं, लवकरात लवकर मागे हलवायचं आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावायची.

अमेरिकी सैन्यात या चिठ्ठीचे तीन तुकडे असतात. एक कैद्याच्या अंगावर बांधतात, दुसरा पकडणाऱ्या तुकडीकडे राहतो, तिसरा त्याच्याकडून काढून घेतलेल्या सामानाला लावतात. तिन्हींवर क्रमांक एकच. माणूस, त्याचं सामान आणि पकडल्याची जागा-वेळ यांची गाठ त्या क्रमांकाने बसते. गडबडीत चिठ्ठी लावली नाही तर मागे गेल्यावर तीस माणसं, तीस पिशव्या आणि कोणाचं काय ते कोणालाच ठाऊक नाही, अशी गत होते.

काय काढून घ्यायचं आणि काय नाही, हे अठराव्या कलमात आहे. हत्यार, दारूगोळा, नकाशे, लष्करी कागद घ्यायचे. हेल्मेट, गॅस मास्क, कपडे, जेवणाची भांडी, ओळखपत्र, हुद्द्याच्या फिती आणि भावनिक मोलाच्या वस्तू त्याच्याकडेच ठेवायच्या. पैसे घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमानेच, रक्कम वहीत लिहून, आणि घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, तुकडी वाचता येईल अशी पावती देऊन. ही पावती बहुतेक ठिकाणी मिळत नाही, घड्याळं आणि अंगठ्या पहिल्या तासातच गायब होतात. हा चोरीपेक्षा मोठा घोटाळा आहे. नाव कोरलेली अंगठी किंवा मागे क्रमांक असलेलं घड्याळ पुढे माणूस ओळखण्याच्या कामी येतं.

चौकशीबद्दलही गैरसमज आहे. कैद्याला प्रश्न विचारायला बंदी नाही. तो मात्र चारच गोष्टी सांगायला बांधील आहे: पूर्ण नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यातला क्रमांक. पुढचं काढून घ्यायला मारहाण, धमकी, जाच, काहीही चालत नाही.

आता या चार गोष्टी आपल्या माणसाला लावून बघा. खान्देशातली एखादी पलटणीतली तुकडी घ्या: तीन पाटील, दोन महाजन, एखादा बोरसे, एखादा चौधरी. नाव उर्दूत किंवा चिनीत ऐकून लिहिलं जातं, मग तिथून इंग्रजीत येतं. वडिलांचं नाव मध्ये लावायची आपली पद्धत लिहिणाऱ्याला माहीत नसते, तो तेच आडनाव धरून बसतो. जन्मतारखेने फरक कळावा, तर शाळेत घालताना गुरुजींनी निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख १ जून लिहिलेली. नाव जुळतं, तारीख जुळते, आणि माणूस भलताच निघतो. अशा वेळी एकच गोष्ट चुकत नाही: सैन्यातला क्रमांक. जवानाच्या क्रमांकाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते अंक बरोबर उतरले की नाही हे पडताळायला असतं. घरच्यांना अंक पाठ असतात, अक्षर नसतं. ते अक्षरही लिहून ठेवा.

ते कार्ड

सत्तरावं कलम म्हणतं की पकडला गेल्यावर लगेच, किंवा छावणीत पोचल्यापासून फार तर एका आठवड्यात, प्रत्येक कैद्याला दोन कार्डं लिहू द्यायची. एक घरी जातं, दुसरं जिनिव्हाला रेडक्रॉसच्या केंद्रीय शोध यंत्रणेकडे. आजारी पडला, दवाखान्यात हलवला, दुसऱ्या छावणीत नेला, की पुन्हा कार्ड. कराराच्या परिशिष्टात त्याचा नमुना आहे: १५ बाय साडेदहा सेंटिमीटर. त्यावर देश, नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, हुद्दा, क्रमांक, घरचा पत्ता, पकडल्याची तारीख, तब्येत कशी आहे, आणि छावणीतला पत्ता व कैदी क्रमांक, एवढंच. यापलीकडे एक शब्दही लिहायचा नसतो. लिहिला तर कार्ड सेन्सॉरकडे अडकतं.

हे काम रेडक्रॉस १८७० पासून करत आहे. पहिल्या महायुद्धात त्यांच्या जिनिव्हाच्या कचेरीत सुमारे ७० लाख कार्डं तयार झाली. सगळी हाताने किंवा टाइपरायटरवर, आणि बहुतेक काम स्वयंसेवकांनी केलेलं. जळगावात रेडक्रॉस म्हटलं की रक्तपेढी आठवते, पण या संघटनेची मुळं रणांगणावर आहेत.

कार्डाच्या जोडीला दुसरी वाट असते ती सरकारी. पकडणाऱ्या देशाने आपलं माहिती कार्यालय उघडायचं आणि नावांच्या याद्या पाठवायच्या. तिसरी वाट म्हणजे रेडक्रॉसच्या प्रतिनिधींची भेट. त्यांच्या अटी ठरलेल्या असतात: सगळे कैदी दाखवायचे, सगळ्या जागा दाखवायच्या, कैद्याशी पहारेकरी जवळ नसताना बोलू द्यायचं, नावं लिहून घेऊ द्यायची आणि पुन्हा येऊ द्यायचं. यातली एक जरी अट मोडली तर ते भेट देत नाहीत. त्यावर कधी टीका होते, की काहीच न बघण्यापेक्षा अर्धं बघितलेलं बरं नाही का? पण अर्ध्या भेटीचा फोटो छापून "रेडक्रॉसने पाहिलं, सगळं ठीक आहे" असं सांगणारी सरकारं कमी नाहीत. अटीला चिकटून राहणंच बरोबर आहे.

छावणीत

छावणी जमिनीवर हवी, गुन्हेगारांच्या तुरुंगात नको, लढाईच्या टप्प्याबाहेर हवी. वरून दिसेल अशी पीडब्ल्यू किंवा पीजी (इंग्रजी आणि फ्रेंचमधल्या 'युद्धकैदी'ची आद्याक्षरं) ही अक्षरं रंगवायची. राहायची सोय त्या भागातल्या आपल्या स्वतःच्या सैनिकांइतकी. करार कैद्यांना समजेल अशा भाषेत भिंतीवर लावायचा. महिन्याला एकदा तरी वैद्यकीय तपासणी आणि प्रत्येकाचं वजन नोंदवायचं. माझ्या मते वजनाची वही हा छावणीतला सगळ्यात प्रामाणिक कागद. जेवण नीट देतो असं कोणीही सांगेल, तीन महिन्यांची वजनं लपवता येत नाहीत.

कागदावर सोपं वाटणारं हे सगळं आकडा मोठा झाला की मोडतं. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली आणि भारताच्या हाती सुमारे ९३,००० माणसं आली. त्यात सैनिक होते, निमलष्करी होते, पोलिस होते, बायकामुलांसह नागरिकही होते. माणशी दिवसाला अर्धा किलो पीठ धरा: रोजचं साडेसेहेचाळीस टन. माणशी १५ लिटर पाणी धरा: रोजचं जवळपास १४ लाख लिटर. उन्हाळ्यात धुळे-नंदुरबारच्या गावांना लागणारा १० हजार लिटरचा टँकर घेतला, तर दररोज १४० टँकर. त्यावर सरपण, पांघरुणं, संडास, औषधं, पहारा. म्हणून कैदी एका जागी न ठेवता जबलपूर, आग्रा, मेरठ, रुरकी, रांची अशा लष्करी ठाण्यांत वाटले गेले, जिथे बरॅकी, लंगर आणि इस्पितळ आधीच होतं. ढाक्यात शरणागतीवर सही करणाऱ्या जनरल नियाझींना ठेवलं ते जबलपूर आपल्या भुसावळहून इटारसीमार्गे एका रात्रीच्या अंतरावर आहे.

मजुरी आणि पगाराचं लवकर उरकतो. अधिकाऱ्यांना कामाला लावता येत नाही, हवालदार दर्जाच्यांना फक्त देखरेखीचं काम, जवानांना काम देता येतं पण युद्धसामग्रीचं किंवा सुरुंग काढण्याचं नाही. दरमहा उचल म्हणून सार्जंटच्या खालच्यांना ८ स्विस फ्रँक, मेजरच्या खालच्या अधिकाऱ्यांना ५०, असे दर करारात छापलेले आहेत. १९४९ चे ते आकडे आता नावालाच उरले आहेत.

पत्रांचं मात्र नीट समजून घ्या. संख्या मर्यादित करायचीच असेल तर महिन्याला निदान दोन पत्रं आणि चार कार्डं कैद्याला लिहू द्यावी लागतात. टपाल खर्च नाही. पत्र मातृभाषेत लिहायचा हक्क आहे, पण सेन्सॉरला वाचता आलं पाहिजे. "मना पोऱ्या, तू कसा शे" असं अहिराणीत लिहिलेलं पत्र वाचणारा तिकडे मिळेपर्यंत ते टेबलावर पडून राहील. साधं हिंदी किंवा सोपं मराठी, मोठं अक्षर, एक पान. घरचे कसे आहेत, पीकपाणी, लेकरांची शाळा. पलटण, बदली, सुट्टीवर आलेला त्याचा मित्र, बातम्या, राजकारण यातलं काही नको. त्याच्या अडचणीत भर पडेल असं तर काहीच नको. रेडक्रॉसचा निरोपाचा फॉर्म भरलात तर तोही उघडाच जातो, वाटेत सगळे वाचतात हे धरून चाला.

तेराव्या कलमात एक गोष्ट अशी आहे जी आपण घरी बसून मोडतो. कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या बघेगिरीपासून वाचवायचं, असं ते कलम म्हणतं. अभिनंदन यांचे व्हिडिओ पाकिस्तानने बाहेर सोडले ते याच कलमाच्या विरोधात. पण ते पुढे पाठवणारे आपणच होतो. त्या चित्रफितीतून कैद्याच्या जखमा, आवाज, घाबरलेपण दिसतं, आणि त्याला अधिक बोलतं करायला शत्रूच्या काय उपयोगी पडेल तेही कळतं. घरच्यांनी तर त्याची लग्नाची, पलटणीतली छायाचित्रं त्या दिवसांत कुठंही टाकू नयेत. तो आत जे सांगत नाही ते बाहेरून फुकट मिळतं.

पळून जाण्याबद्दल करार उदार आहे. पळणं हा गुन्हा धरत नाहीत. पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, आणि अशी कोणतीही शिक्षा ३० दिवसांच्या वर नाही. आपल्या सैन्यात पोचून नंतर पुन्हा पकडला गेला तर जुन्या पळण्याची शिक्षाच नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये दिलीप परुळकर, मलविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी हे तीन भारतीय वैमानिक रावळपिंडीच्या कैदेतून भिंत फोडून निसटले आणि अफगाण सीमेजवळ लंडी कोतलपर्यंत पोचले. तिथे त्यांनी लंडी खानाला कसं जायचं असं विचारलं. नकाशावर ते शेवटचं स्टेशन होतं, पण रेल्वे तिथे १९३२ पासूनच जात नव्हती. एका बंद स्टेशनाच्या नावाने ते पकडले गेले.

सुटका: कोण, कधी, कशी

लढाई चालू असताना कैद्याला सोडणं बंधनकारक नाही. याला अपवाद फार जखमी आणि फार आजारी. ज्यांच्या जखमा भरणाऱ्या नाहीत किंवा वर्षभरात बरं व्हायची आशा नाही, त्यांना लढाई चालू असतानाच घरी पाठवायचं. त्यांची निवड तीन डॉक्टरांच्या मिश्र मंडळाने करायची, दोन तटस्थ देशांचे आणि एक पकडणाऱ्या देशाचा. १९६२ च्या युद्धात चीनच्या ताब्यात सुमारे ३,९०० भारतीय सापडले. त्यातले आजारी-जखमी आधी सोडले, बाकीचे १९६३ च्या मे महिन्यापर्यंत. कारगिलमध्ये २७ मे १९९९ ला पकडलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता ३ जूनला रेडक्रॉसच्या स्वाधीन झाले आणि वाघ्याहून परतले. अभिनंदन २७ फेब्रुवारीला पकडले गेले आणि १ मार्चच्या रात्री परतले. या दोन्ही सुटका वेळेआधीच्या होत्या. त्यामागे दबाव होता, राजकारण होतं, कलमाची मुदत नव्हती.

बाकी सगळ्यांसाठी ११८ वं कलम आहे: प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर विलंब न लावता सोडायचं. शांतता कराराची वाट बघायची नाही. हे कसं पाळता येतं ते ब्रिटन आणि अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात दिसलं. १४ जून १९८२ ला शरणागती झाली आणि ११ हजारांच्या आसपास अर्जेंटिनी सैनिकांपैकी बहुतेक 'कॅनबेरा' या प्रवासी जहाजातून आणि इतर जहाजांतून महिना संपायच्या आत घरी पोचले. अर्जेंटिनाचे तिथले सेनापती जनरल मेनेंडेझ यांच्यासह सुमारे ५९३ जण मागे ठेवले होते, तेही जुलैच्या मध्यापर्यंत सुटले. आणि कसं मोडता येतं तेही बघा. इराण-इराक युद्ध ऑगस्ट १९८८ मध्ये थांबलं, कैद्यांची मोठी अदलाबदल १९९० मध्ये झाली, आणि शेवटचे घरी गेले २००३ मध्ये. पश्चिम सहारात १९९१ मध्ये शस्त्रसंधी झाली, मोरोक्कोशी लढणाऱ्या पोलिसारिओ संघटनेने शेवटचे ४०४ मोरोक्कन कैदी सोडले ऑगस्ट २००५ मध्ये. तरुणपणी पकडलेली माणसं म्हातारी होऊन परत आली.

१९७१ च्या बाबतीत आपल्यालाही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. पश्चिम आघाडीवरचे कैदी १ डिसेंबर १९७२ ला परस्परांना परत दिले गेले. पूर्वेचे ९३ हजार मात्र राहिले. भारताचं म्हणणं होतं की शरणागती भारत-बांगलादेशाच्या संयुक्त फौजेपुढे झाली, तेव्हा बांगलादेशाच्या संमतीशिवाय सोडता येत नाहीत. पाकिस्तान बांगलादेशाला मान्यता देत नव्हता, आणि बांगलादेशाला १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. सिमला करार २ जुलै १९७२ चा, पण या कैद्यांचा मार्ग मोकळा झाला २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली कराराने. त्यात तीन बाजूंची वाहतूक एकदम ठरली: भारतातले पाकिस्तानी कैदी, पाकिस्तानात अडकलेले बंगाली, आणि बांगलादेशातले पाकिस्तानी. सप्टेंबर १९७३ मध्ये गाड्या सुरू झाल्या. ९ एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात त्या १९५ जणांवरचे खटले सोडून दिले गेले आणि ३० एप्रिलला नियाझी वाघा ओलांडून गेले. बांगलादेशातल्या अत्याचारांना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण ज्यांच्यावर आरोप नव्हता असे हजारो जवान पावणेदोन ते सव्वादोन वर्षं तारेआड राहिले, हे ११८ व्या कलमात बसत नाही.

कैद्याला परत जायचंच नसेल तर? करारात त्याचं उत्तर नव्हतं आणि कोरियात ते शोधायची पाळी भारतावर आली. २७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर २२ हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी परत जायला नाही म्हणत होते, दुसऱ्या बाजूला असे ३५९ होते. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख आपले मेजर जनरल शंकरराव थोरात. पद्धत अशी: कैद्याला एकेकटं तंबूत आणायचं, त्याच्या देशाचे प्रतिनिधी त्याला समजावणार, आणि मग दोन दारांपैकी एकातून त्याने बाहेर पडायचं, एक घरचं, एक न जाण्याचं. बिघडलं ते इथे: छावण्यांच्या आत कैद्यांचेच म्होरके राज्य करत होते. घरी जायचं म्हणणाऱ्याला रात्री मारहाण, कधी खूनही. कैदी तंबूकडे यायलाच तयार नसत. एकदा त्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः तारेच्या आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. समजावण्यासाठी ९० दिवस होते, त्यातले फार थोडे कामी आले. जानेवारी १९५४ मध्ये उरलेल्यांना ज्याच्या त्याच्या पसंतीच्या बाजूला सोडलं गेलं. ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या, ते भारतीय फौजेबरोबर मद्रासच्या जहाजात बसले. तेव्हापासून सुटकेआधी रेडक्रॉस प्रत्येक कैद्याशी एकट्याने बोलून "जायचं आहे ना?" असं विचारते. कैद्याने हे उत्तर मोकळेपणाने द्यायचं, तिथे लाजायचं कारण नाही.

प्रत्यक्ष हस्तांतरणाचा दिवस बहुतेक कागदात जातो. दोन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवून क्रमांकागणिक जुळवायच्या. वैद्यकीय तपासणी करून अंगावरच्या जखमा लिहायच्या, म्हणजे कुठली जखम कुठली यावर नंतर वाद नको. जमा पैसे आणि वस्तू पावतीप्रमाणे परत. सोबत २५ किलोपर्यंत सामान नेता येतं. सीमेवर एकेकाचं नाव पुकारून सही घेऊन ताबा. एखाद्या नावाचं स्पेलिंग जुळलं नाही तर सगळी रांग थांबते. अदलाबदल असेल तर समोरचाही थांबतो. रशिया-युक्रेनने मे २०२५ मध्ये हजाराला हजार अशी अदलाबदल केली तीही तीन दिवसांत पाडून: ३९०, ३०७, ३०३. एका दिवसाची यादी बिघडली तर पुढचे दोन दिवस वाचावेत, असाही त्याचा फायदा.

शांततेच्या काळात चुकून पलीकडे गेलेल्या जवानाची वाट वेगळी. तिथे दोन्ही सैन्यांच्या डीजीएमओंची (लष्करी कारवायांच्या महासंचालकांची) हॉटलाइन आणि सीमेवरच्या फ्लॅग मीटिंगा चालतात. एप्रिल २०२५ मध्ये फिरोजपूर भागात पलीकडे गेलेला सीमा सुरक्षा दलाचा जवान १४ मे ला परतला तो याच वाटेने. मच्छीमार आणि इतर नागरिक कैद्यांच्या याद्या दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतात, तो २००८ चा वेगळा करार आहे. त्या यादीत युद्धकैदी शोधू नका.

घरी आल्यावर

वाघ्याहून माणूस थेट गावी येत नाही. आधी लष्करी इस्पितळ, मग डीब्रीफिंग म्हणजे काय घडलं त्याची सविस्तर विचारपूस, बहुधा कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी. घरच्यांना हा अविश्वास वाटतो. तो नेहमीचा भाग आहे, आणि आत काय विचारलं गेलं ते कळल्यावरच मागे राहिलेल्यांना मदत होते.

उपाशी राहून आलेल्या माणसाला एकदम जेवू घालू नका. दहा दिवसांपेक्षा जास्त जवळपास उपाशी असलेल्या किंवा फार वाळलेल्या शरीरात अचानक साखर-पिष्ट गेलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, हृदय बिघडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले कितीतरी कैदी अशा जेवणाने गेले. डॉक्टर आधी थायमिन देतात आणि सुरुवात दर किलो वजनाला दिवसाला १० कॅलरींच्या आसपास करतात. म्हणजे ४५ किलोच्या माणसाला दिवसभरात साडेचारशे. एक मोठा मांडा तूप-दुधाबरोबर वाढला की दिवसाचा हिशेब संपला. खापरावरचे मांडे, शेवभाजी, वांग्याचं भरीत सगळं करा, पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. मिरवणूक आणि सत्कारही पुढे ढकला. रात्री दचकून उठणं, बंद दार नकोसं होणं, गर्दीत घाम फुटणं हे महिनोन्‌महिने चालतं. त्यावर लष्करी इस्पितळात उपचार आहेत.

१९७१ चे ५४ सैनिक भारताच्या यादीत आजही बेपत्ता आहेत. पाकिस्तान ते आपल्याकडे असल्याचं नाकारतो. २००७ मध्ये नातेवाइकांना तिथले तुरुंग दाखवले गेले, कोणी सापडलं नाही. त्यांची आठवण ठेवून प्रत्येक फौजी घराने आजच एक फाइल करावी. त्यात क्रमांक शेवटच्या अक्षरासह, हुद्दा, पलटण, एपीओचा (सैन्याच्या टपाल कार्यालयाचा) पत्ता, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता आणि फोन (तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला), रक्तगट, शरीरावरच्या खुणा, दातांची नोंद, अलीकडचा फोटो, अंगठी-घड्याळावर काय कोरलं आहे ते. नाव आधार, सर्व्हिस बुक आणि बँकेत एकाच स्पेलिंगने आहे का ते बघा. लग्न झालं, मूल झालं, गाव बदललं, की त्याची पार्ट टू ऑर्डर (सैन्याच्या नोंदीत बदल करणारा आदेश) निघाली का हे त्याला फोनवर विचारा. निघाली नसेल तर रेकॉर्डमध्ये जुनाच वारस आणि जुनाच पत्ता राहतो, आणि पत्र असो, फोन असो की रेडक्रॉसचं कार्ड, ते तिकडे जातं. बातमी आलीच तर आधी पलटण आणि रेकॉर्ड ऑफिस, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि शोधाचा अर्ज रेडक्रॉसकडे. प्रत्येक ठिकाणी लेखी द्या, पोच घ्या, तारीख टाका.